दोन कापले, दोन ठेवले

"कात्री खाली ठेवा, मथुराबाई."

नायब तहसीलदार रणधीर साहेबांनी हे तिसऱ्यांदा म्हटलं, तोवर पहिला पट्टा कापून झाला होता. बोट ट्रेलरवर आवळून बांधायचा पट्टा. दोन इंच रुंद, पाच मीटर लांब, एका टोकाला आकडा आणि मधे खटका. मथुराबाईंनी त्याचे दोन नाही, चार तुकडे केले. दोनच केले असते तर आम्ही कुणीतरी गाठ मारून जोडले असते, असा त्यांचा आमच्या कार्यालयावर भरवसा.

"शासकीय मालमत्ता आहे ती," साहेब म्हणाले.

"व्हय. म्हणून तर कापायलेय. तुमच्या घरची असती तर इचारलं असतं," असं म्हणून त्यांनी दुसरा पट्टा उचलला.

सकाळचे सव्वासात वाजले होते. पाऊस थांबला नव्हता. नदीपलीकडच्या वस्तीवर पाच माणसं आणि एक शेळी गोठ्याच्या पत्र्यावर बसली असल्याचा फोन आला होता. माणसं एकदा सांगितली, शेळी दोनदा. आवारात ड्रायव्हर बालाजीने ट्रेलर जीपला जोडला होता, बोट चालवणारे दोघे जॅकेट घालून तयार होते, आणि आमच्या कार्यालयाची शिपाई, जिची निवृत्ती आठ दिवसांवर आली होती, ती सगळ्यांसमोर सरकारी पट्टे कापत होती.

अडतीस वर्षांत मथुराबाईंच्या नावावर एक मेमो नव्हता. माझ्या नावावर सहा आहेत, म्हणून हा आकडा मी आदराने सांगतो. निवृत्तीच्या महिन्यात कागदावर डाग पडला, की पेन्शनची फाईल कुठे जाऊन बसते हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती बसवतो आम्हीच.

"अहो, पण पट्ट्यांना झालंय काय?" साहेबांनी विचारलं.

मथुराबाईंनी न कापलेला भाग बोटावर वाकवून त्यांच्या नाकासमोर धरला. वीण उमलून आतलं सूत पिंजारलं होतं. कडेला पत्र्याने केलेला अर्ध्या इंचाचा छेद होता. मधोमध दगडासारखी गाठ बसली होती, आणि सगळ्यावर जनरेटरचं तेल आणि कुंकू.

घटस्थापनेआधी तुळजापूरहून ज्योत आणायला गावातल्या युवराजचं नवरात्र मंडळ गेलं होतं. पोरं पळत येणार, मागून पिकअपवर जनरेटर आणि चार स्पीकर. ते बांधायला काही मिळेना म्हणून युवराजने साहेबांना फोन केला आणि साहेबांनी बोटीचे दोन पट्टे दिले. एका रात्रीचा तर प्रश्न. मंडळात नऊ पदाधिकारी आहेत. त्यांपैकी एकालाही खटका कसा आवळायचा ते कळलं नाही, म्हणून कुणीतरी सरळ गाठ मारली.

"गाठ सोडवून वापरा की. देवीच्या कामाला गेले होते ते."

"देवीला म्या कशाला काय म्हणू? गाठ देवीनं मारली न्हाय, युवराजनं मारली." कात्री चालली. "आन् गाठ सुटंल, सायेब. आत सूत तुटलंय, ते सांधणार हाय का कोन?"

"मग बाजूला ठेवायचे. कापायचे कशाला?"

"बाजूला ठिवलेलं तुमी पुन्हा घेता. सहा वर्सं बघायलेय."

सहा वर्षांतली तीन साहेबांचीच होती.

सहा वर्षांपूर्वी धाराशिवहून बोट आली तेव्हा हार घालून, नारळ फोडून ती नायलॉनच्या दोरीने बांधली होती. पहिल्याच पुराला निघाली आणि आठव्या किलोमीटरला वळणावर घसरून रस्त्यात आडवी झाली. दोन्ही बाजूंनी वाहतूक बंद. ज्या म्हाताऱ्यासाठी निघाली होती, त्याला शेवटी गावकऱ्यांनी गुळाच्या काहिलीत बसवून आणलं. म्हातारा वर्षभर तालुक्यात सांगत फिरला, की सरकारची बोट रस्त्यावर चालते आणि आमची काहील पाण्यात.

त्या दिवशी आडव्या बोटीपाशी उभ्या राहून मथुराबाई एवढंच म्हणाल्या होत्या, की माझ्या बापानं बांधलेला कडबा असा कधी सांडला नाही. बाप बाजारात कडब्याच्या गाड्या बांधायचा. तेव्हापासून बोट बांधण्याचं काम त्यांच्याकडे आलं. आदेश कुणी काढला नाही. कुणी काढला नाही म्हणूनच ते नीट झालं, असं माझं मत.

नवे पट्टे घ्यायचं ठरलं तेव्हा पुरवठादार नारिंगी रंगाचे, झुळझुळीत पट्टे घेऊन आला.

"किती वजनाला चालतेत?" मथुराबाईंनी विचारलं.

"लई वजनाला, मावशी."

"लई म्हंजी किती किलो?"

त्याने तेव्हाच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी नव्हती. ज्या पट्ट्यावर वजन लिहिलेलं नाही त्याच्यावर वजन घालायचं नाही, असं म्हणून त्यांनी गठ्ठा परत पाठवला. तिसऱ्या खेपेला आले ते हे चार. दर वापरानंतर साध्या पाण्याने धुवायचे, सावलीत वाळवायचे, गुंडाळून टांगायचे. खटक्याला तेलाचा थेंब, कापडाला नाही.

आता त्यांतले दोन उरले होते. दोन्ही त्यांनी बोटीच्या मागच्या अंगाला घेतले. बोटीच्या कडांवर जुन्या टायरट्यूबचे तुकडे ठेवले, पट्ट्याला अर्धा पीळ दिला, म्हणजे वाऱ्याने फडफडून तो झिजत नाही, आणि खटके आवळले. पुढचं नाक ट्रेलरच्या दोर ओढायच्या चरखीला बांधलेलं होतंच, वरून त्यांनी स्वतःच्या घरून आणलेला, कडब्याची गाडी आवळायचा जाड नाडा घातला.

"तीसच्या वर काटा न्हाय न्यायचा," त्यांनी बालाजीला सांगितलं आणि त्या जीपमध्ये चढल्या.

"तुम्ही कुठं?" साहेब म्हणाले.

"मधी थांबावं लागतंय."

मी साहेबांच्या गाडीत मागे होतो. तिसऱ्या किलोमीटरला जीप खरोखर थांबली. पाच माणसं पत्र्यावर, आणि मथुराबाई डोक्यावर पोतं घेऊन ट्रेलरला एक फेरी घालत होत्या. साहेबांनी हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग काच खाली करून ओरडले, "मथुराबाई, तिथं माणसं बुडतायत!"

"तिथवर बोट न्यायची का नुस्ता हॉर्न?"

कडबा दोन मैलांवर दबतो आणि दोरी सैल पडते. बोटीचंही तसंच. त्यांनी एकेक पट्टा तळव्याने दाबला. एकाला दोन खटके घेतले, दुसऱ्याला एक. माझ्या घड्याळात तीन मिनिटं झाली.

ओढ्याच्या पुलापाशी रस्ता खचला होता. जीपचं चाक खड्ड्यात गेलं, ट्रेलर डाव्या अंगाला झुकला. बोट वीतभर उचलली गेली आणि होती तिथेच बसली. मागून साहेबांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. पाहिलेलं आम्ही दोघांनीही पुढे कुठे लिहिलं नाही.

दोन फेऱ्यांत पाचही माणसं काठावर आली. शेळी पहिल्याच फेरीत. लोक मोबाईल धरून उभे होते. मथुराबाई त्या फोटोंत कुठेच नाहीत, कारण त्या गर्दीकडे पाठ करून पट्ट्यांवरचा गाळ पुसत होत्या.

दोन दिवसांनी त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. साहेब काही वाईट माणूस नव्हे. कापलेल्या वस्तूचा कागद त्यांना लागणारच होता. त्यांनी नोटिशीबरोबर उत्तरही माझ्याकडून टाईप करून घेतलं: पट्टे जुने होऊन निकामी झाले होते व अनवधानाने कापले गेले. सही केली की नोटीस तिथेच संपली.

मथुराबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी कागद उभ्या उभ्या पूर्ण वाचला.

"अनवधानानं म्हंजी चुकून का?"

"हां, तसंच," मी म्हणालो.

"चार चार तुकडं चुकून? तेबी मोजून?"

"मावशी," साहेब म्हणाले. एरवी ते बाई म्हणत. "सही करा. तीस तारखेला सगळे कागद हातात पडतील. नाही केली तर चौकशी लागेल. सहा महिने, वर्षही जाईल. घरी कोण कमावतं तुमच्या?"

"मीच."

"मग?"

"मग काय. चुकून लिवलं, तर पुढल्या नवरात्रात तुमी पुन्हा देताल. आन् त्या साली गाडीवर मी नसंल."

"नाही देणार. शब्द देतो."

"शब्द नगं, कागुद द्या. दुसऱ्या कामाला पट्टा देऊ नये, असा. तुमच्या सहीचा."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. तसा कागद काढायचा म्हणजे आधी पट्टे दिले होते हे कबूल करणं आलं. मथुराबाईंनी माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'दोन पट्टे मी कापले. शुद्धीत कापले. ते ज्योतीच्या गाडीला देण्यात आले होते व गाठ मारून खराब झाले. त्यावर बोट बांधली असती तर बोट पडली असती. पुन्हा अशी वेळ आल्यास पुन्हा कापीन.' खाली सही, तारीख, वेळ.

"शेवटची ओळ तरी काढा," मी हळूच म्हणालो.

"तीच तर म्हत्त्वाची हाय."

आवक शिक्का मीच मारला.

तीस तारखेला निवृत्तीचे कागद आले नाहीत. चौकशी अधिकारी नेमायचाय, एवढंच कळलं. पण निरोप समारंभ मात्र ठरला होता तसा ठेवला. शाल-श्रीफळाला चौकशी आड येत नाही.

चार वाजता सगळे हॉलमध्ये जमले आणि बाई कुठे दिसेनात. मी शोधत मागे गेलो. भांडाराच्या खोलीत त्या राजपालला पदभार देत होत्या. राजपाल म्हणजे पन्नाशीचा, दुसऱ्या शाखेतून बदलून आलेला शिपाई. यादीत 'पट्टे – चार' छापलेलं होतं, ते त्याच्याकडून खोडून 'दोन' करून घेतलं होतं. आता पट्ट्याचं एक टोक त्याच्या हातात होतं आणि तो डोळे मिटून बोटांनी एकेक इंच पुढे सरकत होता.

"मावशी, सगळी जणं बसलीत तिकडं," तो म्हणाला.

"बसू दे. डोळं उघडू नगंस. डोळं फसीवतेत."

"हितं टोचतंय."

"कशानं?"

राजपालने चाचपलं. "काटा हाय. बाभळीचा."

"काढ. हळू. वढलास तर सूत येतंय."

तेवढ्यात साहेब दाराशी आले. समारंभाची शाल त्यांच्या हातात होती.

"मथुराबाई, चला. फोटोवाला थांबलाय."

"दुसरा ऱ्हायलाय, सायेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. राजपालने दुसरा पट्टा उलगडायला घेतला. त्याचं मोकळं टोक घरंगळत उंबऱ्याबाहेर, पावसाने ओल्या झालेल्या फरशीवर निघालं होतं. साहेबांनी शाल काखेत मारली, वाकले आणि ते टोक दोन्ही हातांनी वर धरून उभे राहिले.