जयंतच्या डोळ्यांचा स्टेटस रिपोर्ट

माझा नवरा जयंत इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्याला चूक लगेच सापडते, फक्त स्वतःची सोडून. दोन हजार आठ साली आमच्या गाडीचा डावा आरसा दोनदा तुटला. दोन्ही वेळा चूक खांबाची होती.

शेवटी मी त्याला ओढत ऑप्टिशियनकडे नेलं. त्या ऑप्टिशियननं साउथॅम्प्टनच्या हॉस्पिटलला पत्र दिलं. तिथं साहेबांनी मशीनपुढे हनुवटी टेकवली, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा स्कॅन झाला आणि नसेभोवतीचा थर कुठे पातळ झालाय ते रंगांत छापून आलं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जपा, लाल म्हणजे गेलं. झालं, असले कागद साहेब ऑफिसात रोज नाचवतात.

"अगं, स्टेटस रिपोर्टच आहे हा," तो मला समजावायला लागला. "उजवा सगळा ग्रीन. डाव्यात थोडं रेड दिसतंय, पण क्वार्टरभरात रिकव्हर होईल."

डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलू दिलं. मग सांगितलं, हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घालून उरलेली सांभाळायची. तीन-चार वर्षं आधी स्कॅन झाला असता, तर बरीच वाचली असती. घरात आणखी कुणाला आहे?

"कुणालाच नाही," जयंत म्हणाला. इतक्या खात्रीनं तो फक्त डेडलाइन सांगतो.

तरी भावाबहिणींना तपासून घ्यायला सांगा, असं बाई म्हणाल्या. म्हणून त्यानं कारपार्कमधूनच पुण्याला धाकट्या भावाला, शशिकांतला, फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे मलाही ज्ञान मिळावं. काचबिंदू आनुवंशिक कसा असतो यावर दहा मिनिटं लेक्चर झालं.

"दादा," शशिकांत हळूच म्हणाला, "मी चार वर्षं थेंब घालतोय. कळलं तेव्हा मीनलसाठी स्थळं बघत होतो ना. घराण्यात डोळ्यांचं दुखणं आहे म्हटल्यावर कोण पुढे आलं असतं? म्हणून कुणाला बोललो नाही."

चार वर्षं. त्याच्या लेकीच्या, मीनलच्या लग्नात आम्ही अक्षता टाकून, पंगतीत याच्याच आग्रहाचे जिलेबीचे घास खाऊन आलो होतो. मला इतका संताप आला की मी फोन हिसकावायला हात पुढे केला.

जयंत मात्र ओरडला नाही. "मीनलचे डोळे तपासलेस?" त्यानं विचारलं.

"नाही रे. तिच्या सासरी अजून सांगितलेलं नाही."