पाना, नट आणि अनंतरावांची पॅन्ट

रत्नप्रभाबाई इतिहासाच्या. दिग्रसच्या मुलींच्या शाळेत त्या एकोणीस वर्षं दरसाल पानिपत हरत आल्या होत्या आणि कोणाची काही तक्रार नव्हती. पण विज्ञानाचे सर बदली होऊन अकोल्याला गेले, जागा भरायला सरकारला सवड नव्हती, आणि मुख्याध्यापकांनी नववीचं भौतिकशास्त्र बाईंच्या गळ्यात घातलं.

"नुसतं वाचून दाखवा, बाई. न्यूटन झाला तरी इतिहासातलाच माणूस," असं म्हणून ते चहाला निघून गेले.

साल दोन हजार पाच. कापसाचं सगळंच बिनसलं होतं, त्यामुळे जिल्ह्यात रोज एखादी समिती पांढऱ्या गाड्यांतून उतरायची आणि 'काही प्रश्न असतील तर निःसंकोच विचारा' असं सांगून जेवायला जायची. ते ऐकून ऐकून पोरींना विचारायची चटक लागली. त्यात तांड्यावरून येणारी जमनी सगळ्यांत पुढं.

"बाई, डायवरनं बिरेक मारला का मानूस पुढं काहून जाते?"

"धक्का बसतो म्हणून."

"पन मांगून तं कोनीच धक्का देत नाही."

बाईंनी पुस्तक चाळलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या सांगते."

संध्याकाळी घरी जाताना दारव्हा रोडवर इकबालचं गॅरेज लागलं. सहावीतून शाळा सोडलेला हा माणूस तीस वर्षं ट्रक दुरुस्त करत होता. ब्रेकचं याला नाही कळणार तर कोणाला, म्हणून बाई थांबल्या. इकबाल ट्रकखाली होता, बाहेर नुसते पाय दिसत होते. बाईंनी पायांनाच प्रश्न विचारला.

"गाडी थांबली, बाई," ट्रकखालून आवाज आला. "पन मानसाले कोन सांगतलं, थांब म्हनून? तो आपला चालूनच राह्यला."

दुसऱ्या दिवशी बाईंनी हेच वाक्य वर्गात धुऊन-पुसून सांगितलं. पोरी खूश. मग काय, रोजचंच झालं. लांब पान्यानं नट सोपा का सुटतो, उन्हात टायर का फुटतं, सगळ्याची उत्तरं गॅरेजातून येऊ लागली. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना शाळेत जाताना पाय जड वाटेनासे झाले.

आणि मग जमनीनं विचारलं, "भारी वस्तू आधी पडते का हलकी?"

संध्याकाळी बाईंनी गॅरेजात तेच विचारलं, तेव्हा इकबालनं मानही वर केली नाही. "भारी. यात इचारायचं काय? जॅक पायावर पडू द्या, समजते."

बाईंनी वर्गाला लिहून दिलं: भारी वस्तू आधी पडते. सदतीस वह्यांत ते उतरलं. जमनीनं मात्र पेन खाली ठेवला.

"बाई, पुस्तकात तं दोन्ही संगच पडते म्हनते. पान चौदा."

बाईंनी पान चौदा उघडलंच नव्हतं. "पुस्तकं पुण्यात छापतात," त्या ठसक्यात म्हणाल्या. "पडत असतील तिकडे."

"मंग पाडून पाहू न आपन."

सदतीस पोरी हो म्हणाल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गॅरेजात जमायचं ठरलं.

इकडे तहसील कचेरीत बाईंचे यजमान अनंतराव फायलीवर शेरा मारत होते. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "वहिनी रोज गॅरेजात दिसून राह्यल्या. स्कूटी बिघडली का?"

अनंतरावांच्या घरी स्कूटी नव्हती. शनिवारी अर्धी रजा टाकून, इस्त्रीच्या पॅन्टमध्ये, ओठ आवळून ते गॅरेजवर येऊन धडकले. तिथं कापसानं भरलेला एक ट्रक, खरेदी केंद्राच्या रांगेत पाच दिवस उभा राहून बॅटरी उतरली म्हणून आणलेला. खाली पत्रा अंथरलेला. भोवती दोन वेण्यांची फौज. मधे त्यांची बायको, पदर खोचून, मेकॅनिकशी हमरीतुमरीवर आलेली.

"मी तुमच्या भरवशावर लिहून दिलं, इकबालभाई!"

"मी सांगतलं ते बरोबरच हाय, बाई!"

"काय चालू आहे हे?" अनंतराव गरजले.

इकबालनं त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "या साहेब! पोरींले माह्यावर भरोसा नाही अन् मले पोरींवर. तुमी सरकारी मानूस, कोनाचेच नाही. चढा वर."

भांडायला आलेल्या माणसाच्या एका हातात दोन किलोचा पाना आणि दुसऱ्या हातात नट आला. पाना काखेत, नट खिशात, आणि रागाच्या भरात अनंतराव खरंच दोर धरून ट्रकवर चढले. चढताना पॅन्ट हुकात अडकली आणि मागून टर्रकन फाटली. साऱ्या पोरींनी शिस्तीत दुसरीकडे पाहिलं.

"सोडा!"

पत्र्यावर टण्ण झालं. एकदाच.

"यायनं नट आधी सोडला," इकबाल म्हणाला. पुन्हा सोडलं. पुन्हा एकच टण्ण. तिसऱ्यांदा इकबाल पत्र्याला कान लावायला वाकला, तेव्हा त्याला खेचून बाजूला करावं लागलं. चौथ्या टण्णनंतर तो टायरवर बसला आणि टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"मंग कापूस काहून तरंगत येते?" त्यानं विचारलं. आता तो विचारत होता.

बाईंना माहीत नव्हतं. पण त्यांनी 'उद्या सांगते' म्हटलं नाही. त्यांनी ट्रकमधून दोन सारख्या मुठी कापूस काढायला लावला. एक दोऱ्यानं आवळून लिंबाएवढा गोळा केला, दुसरा मोकळा ठेवला. गोळा सरळ खाली आला. मोकळा कापूस हेलकावे खात, वाऱ्याशी गप्पा मारत, सावकाश इकबालच्या दाढीवर उतरला.

"वजन तं सारखंच होतं," जमनी हळूच म्हणाली. "हवाच आडवी येते, बाई."

एकोणीस वर्षं बाईंनी घडून गेलेलंच शिकवलं होतं; डोळ्यांसमोर काही घडलं असं हे पहिल्यांदाच.

सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मागचं उत्तर खोडा. मी चुकले.' मुख्याध्यापकांनी त्यांना मेमो दिला: शाळाबाह्य व्यक्ती, वाहनावर चढणे, शिस्तभंग. बाईंनी उत्तर दिलं की वाहनावर फक्त तहसील कार्यालय चढलं होतं. विषय तिथंच मिटला, कारण नवीन सर अजूनही आले नव्हते आणि दुसरं कोणी भौतिकशास्त्र घ्यायला तयार नव्हतं.

त्या शनिवारी अनंतराव कमरेला इकबालचा टॉवेल गुंडाळून घरी चालत आले होते. गॅरेजचा विषय त्यांनी काढला नाही. ताटावर बसल्यावर मात्र वरणात बोट फिरवता फिरवता थांबले.

"प्रभा," ते म्हणाले, "वर चढताना मला दम लागला. उतरताना काहून नाही लागला?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.