दांडी सोडून बघा

मित्रांनो, टीव्हीसमोर पडलेला असतो तो रिमोट वेगळा आणि मी वेगळा. मी विमान उडवणारा रिमोट आहे. जुना आहे, दोन घरं बघितलेला आहे आणि आता बदनापूरच्या एका घरात कपाटावर राहतो. माझ्या पोटात बॅटऱ्या आहेत, डोक्यावर लांब ओढता येणारी अँटेना आहे आणि छातीवर दोन दांड्या आहेत. डावी दांडी इंजिनाचा जोर कमी-जास्त करते. ती जिथे ठेवाल तिथे थांबते. उजवी दांडी विमानाला वर-खाली करते, वळवते. तिच्या मुळाशी स्प्रिंगा आहेत. बोट काढलं की ती आपली आपण मध्यावर परत आली पाहिजे. तेवढी ही उजवी दांडी लक्षात ठेवा. माझं सगळं बरं-वाईट तिच्यावरूनच झालं.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला, १९८५ च्या सुमाराचा. औरंगाबादच्या साहेबराव सरांनी मला मागवून घेतलं. ते रविवारी मला माळावर न्यायचे, मनसोक्त विमान उडवायचे आणि घरी आल्यावर मऊ फडक्याने पुसून ठेवायचे. घरातल्या कुणाची मला हात लावायची टाप नव्हती. पुढे सरांची नजर अधू झाली. उंच गेलेलं विमान त्यांना दिसेना. मग मी खोक्यात गेलो. खोक्यात माणूस येत नाही, धूळ मात्र कुठून तरी येतेच.

१९९७ च्या दिवाळीनंतर ते खोकं उघडलं. बदनापूरचे तातेराव मला बघायला आले होते. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. हलक्या लाकडाचं विमान त्यांनी स्वतः तयार केलं होतं, त्याला छोटं इंजिनही बसवलं होतं. फक्त रिमोट नव्हता. सोबत त्यांची बायको सत्यशीला होती. ती बी.एस्सी. झालेली. घरी रांगती लेक, छकुली, सासूजवळ ठेवून आलेली, त्यामुळे तिचा एक डोळा सारखा घड्याळावर.

"जयभीम सर," म्हणत तातेरावांनी मला उचललं आणि लगेच म्हणाले, "एकदम बराबर आहे. घेऊन टाकू."

"थांबा हो," सत्यशीला म्हणाली. "दांडी सोडून बघा आधी."

तिने सोबत आणलेलं विमान सतरंजीवर ठेवायला आणि माझी हाक ऐकणारा, माझ्याबरोबरचा रिसीव्हर त्यात जोडायला लावला. इंजिन बंदच ठेवलं. माझी उजवी दांडी हळूहळू चारी कोपऱ्यांत नेली आणि दर वेळी बोट काढून घेतलं. दांडी मध्यावर येते का, आणि तिच्याबरोबर विमानाच्या शेपटीची पट्टी सरळ होते का, हे ती बघत होती. मग दांडी अगदी सावकाश फिरवली. मध्येच पट्टी थरथरली, तर माझ्या आत झीज झाली आहे असं समजायचं. पट्टी थरथरली नाही. शेवटी तिने मला कानाजवळ धरलं.

"कुरकुरतंय."

साहेबराव सर हसायला लागले. "बाई, माझी मुलगी बघायला आले होते त्यांनीसुद्धा इतकी तपासणी केली नव्हती."

"मुलीला बोलता तरी येतं, सर. याला काय होतंय ते हा सांगणार न्हाई."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

"स्प्रिंग कोरडी आहे, दुसरं काही नाही," सर म्हणाले. "कुरकुरू द्या. फक्त तेल घालू नका. आत धूळ आहे, तिचा चिखल होईल."

दोघांनी ते नीट ऐकलं. पण सर हे बोलत असताना तातेरावांची आई, केशरबाई, बदनापूरला पाळणा हलवत बसली होती.

केशरबाईच्या घरी कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर एकच औषध होतं, खोबरेल. दाराची बिजागरी, पाळण्याची कडी, शिलाई मशीन, सगळ्यांना तेच. तातेराव रोज दुपारी शाळेतून आले की मला हातात घेऊन सराव करायचे आणि ती कुरकुर तिच्या कानावर पडायची. एके दुपारी ते बाहेर गेले असताना ती माझ्याजवळ आली.

"कवापासून रडून राह्यलं बिचारं. कोनाला दया न्हाई," असं म्हणत तिने उजव्या दांडीच्या फटीत खोबरेलाचे थेंब सोडले. फार मायेने सोडले. मी काय करणार?

संध्याकाळी तातेराव खूश झाले. "ऐकलं का, कुरकुर गेली! सवय झाली त्याला हाताची."

सत्यशीलाने दांडी सोडून बघितली. ती बरोबर मध्यावर आली. तरी तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. "लेकरू एकदम गप झालं की मला जास्त धास्ती वाटते," ती म्हणाली.

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणून तातेरावांनी विषय संपवला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानावर विमान उडवायचं ठरलं होतं. महिनाभर सगळ्या गावात तीच चर्चा. त्या सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती. मुलं मैदानाच्या कडेने रांगा धरून बसलेली. पुढच्याच रांगेशेजारी केशरबाई, मांडीवर कानटोपी घातलेली छकुली. मुख्याध्यापक काकासाहेब पाहुण्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, "आमच्या सरांनी हातानं बनवलंय बरं का!"

तातेरावांनी अँटेना ओढली. इंजिन सुरू करायला ते वाकले.

"अहो," सत्यशीला जवळ आली. "दांडी सोडून बघा एकदा."

"काल दुपारी बघितली ना घरी! लोक थांबलेत."

"काल दुपारी ऊन होतं. आज सकाळी छकुलीला लावायला घेतलं तर बाटलीतलं तेल दगड झाल्तं." हे बोलता बोलताच ती थांबली. मग तिने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं, दांडी मागे ओढली आणि सोडली.

दांडी निघाली, पण रेंगाळत. मध्याच्या अलीकडेच थांबली. शेपटीची पट्टी वर गेलेली तशीच राहिली. पुढे ढकलून सोडली तर खाली अडकली. आकाशात असं झालं असतं, तर विमान नाक खाली करून थेट रांगांवर गेलं असतं.

सत्यशीलाने फटीत बोट फिरवलं आणि वास घेतला. मग तिने सासूकडे बघितलं.

केशरबाईचा चेहरा उतरला. "कुरकुरत व्हतं म्हून... मला काय ठाव माय!"

"खोबरेल गोठलं होय?" काकासाहेब हसून म्हणाले. "मंग उन्हात धरा की जरा. वितळंल जल्दी."

तातेरावांनी आशेने बायकोकडे पाहिलं. "धरू का? थोडा वेळ?"

"वितळंल हो. पण आत धुळीचा चिखल झालाय त्याचं काय? आणि वारं गार आहे. वर गेल्यावर परत गोठलं तर?" ती जागची हलली नाही. "खाली कोण बसलंय बघा."

तातेरावांनी बघितलं. छकुली टाळ्या वाजवत होती. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती.

त्यांनी माझी अँटेना आत ढकलली. खट्, खट्, खट्. उभ्या आयुष्यात तो आवाज मला एवढा मोठा कधी वाटला नव्हता. मग ते माईकपाशी गेले आणि सरळ सांगितलं, "विमान आज उडणार नाही. रिमोट बिघडलाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "सर, मंग पतंगच आणायचा व्हता!" मैदान हसलं. तातेरावही हसले, पण त्यांचे हात माझ्याभोवती घट्ट झाले होते.

घरी आल्यावर केशरबाई जेवली नाही. "मी आता कशालाच हात लावनार न्हाई," म्हणून कोपऱ्यात बसली. सत्यशीलाने मला उघडलं, स्पिरिटच्या बोळ्याने स्प्रिंगा पुसल्या, काळा चिखल निघेपर्यंत पुसल्या आणि कोरड्या केल्या. मग मला उचलून सासूच्या मांडीवर ठेवलं.

"आत्याबाई, दांडी ओढा आणि सोडा."

"मी? नगं माय."

"तुमचा कान तिखट आहे. कुरकुर तुम्हालाच आधी ऐकू येते. फक्त इथून पुढे तेल न्हाई घालायचं, मला सांगायचं."

केशरबाईने भीत भीत दांडी सोडली. टक्‌कन दांडी मध्यावर आली, आणि कुरकुरलीसुद्धा.

"आली!" ती म्हणाली. "आली घरी."

पुढच्या रविवारी गावाबाहेरच्या पडीक रानात विमान उडालं. मुलांना सत्यशीलाने बांधाच्या मागे, लांब उभं केलं होतं. विमान वर गेलं, वळलं आणि नीट खाली उतरलं. मैदानावर पतंग म्हणून ओरडलेला पोरगाच सगळ्यात जोरात ओरडत होता, पण आता "उडालं, उडालं!" म्हणून.

आता काळ पुढे गेला आहे. नव्या रिमोटवर आकडे उमटतात म्हणे. माझा एक कोपरा फुटला आहे. छकुली मोठी झाली, कधीतरी सुट्टीत मला खाली काढते. तेव्हा घरातली रीत चुकत नाही. मी आधी केशरबाईच्या मांडीवर जातो. तिला आता नीट दिसत नाही, पण ती दांडी ओढते, सोडते आणि कान देते.

मित्रांनो, जुनी वस्तू हातात घ्याल तेव्हा तिला तेवढा वेळ द्या. तिची कुरकुर थांबली म्हणजे दुखणं गेलं असं धरून चालू नका. सोडून बघा, परत येते का ते बघा. आणि कुणीतरी "आली घरी" म्हणेपर्यंत विमान जमिनीवरच राहू द्या.