ऑल्ट-आर

"बोकोबा, हे ऑल्ट-आर कुठे नेतं हो? तुमच्या बटणांच्या यादीत त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही," शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"ते माझं खासगी आहे. तुम्ही सोडून द्या."

पाणीपुरवठ्याच्या नकाशा विभागात सगळे त्याला बोका म्हणत, कारण त्याच्या टेबलावर माउस कधी टिकला नाही. जमिनीखालच्या नळांचे जुने नकाशे स्कॅन करून जागच्या जागी ठेवायचे, हे त्याचं काम. विभाग, मग वॉर्ड, मग साल, मग गल्ली, अशी फोल्डरच्या पोटात फोल्डरं. बाकीचे माउसच्या टिचक्या मारत आत शिरत. हा काळ्या पडद्यावर कमांड टाइप करी. पुढे त्याचाही कंटाळा आला, तेव्हा त्याने कमांड बटणांना बांधून टाकल्या. ऑल्ट आणि वरचा बाण, की एक पायरी वर. ऑल्ट आणि डावा बाण, की आधी होतो तिथे परत.

"दिवसाला वीस मिनिटं वाचतात," असं त्याने एकदा घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"मग ती ठेवता कुठे? घरी आणलेली तर दिसत नाहीत," बायको म्हणाली होती.

ऑल्ट-आर तिच्यासाठी होतं. ती आजारी पडल्यापासून तिचे रिपोर्ट तो ऑफिसातच स्कॅन करून एका फोल्डरात ठेवी आणि डॉक्टरांनी मागितले की तिथूनच पाठवी. असे चौदा महिने गेले. शेवटच्या दिवशीही हॉस्पिटलातून फोन आला तसा त्याने चार सेकंदांत रिपोर्ट पाठवला. स्वतः पोचायला मात्र चाळीस मिनिटं लागली, आणि तोवर सगळं आटोपलं होतं.

त्या गोष्टीला दीड महिना झाला. तो रडला नाही. लोक म्हणाले, घट्ट मनाचा माणूस. खरं तर त्याला काही वाटतच नव्हतं. भाजीत मीठ आहे की नाही, हेही कळत नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्याच्या बोटांची खोड बायको गेल्यावरही गेली नव्हती. एक नकाशा संपवून दुसरा घेताना बोटं मधेच ऑल्ट-आर दाबत. रिपोर्टांची यादी समोर येई. तो ती बघे आणि डावा बाण दाबून कामाला लागे.

आज त्याचं जुनं मशीन भंगारात जाणार होतं. सकाळीच मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचे रिपोर्ट तिथे ठेवू नका. पेनड्राइव्हवर घेऊन या. मला हवेत."

"आता कशाला?"

"तुम्हाला नकोत म्हणून!" ती रडायला लागली. "तुम्ही एकदा तरी रडा हो, बाबा."

"आणतो," तो म्हणाला.

त्याने रिपोर्ट पेनड्राइव्हवर घेतले, मशीनवरचे पुसले, पेनड्राइव्ह खिशात टाकला. बटणांच्या सेटिंगची फाइल तेवढी नव्या मशीनवर घेतली. बाईंनीही त्या फाइलची एक प्रत मागून नेली.

दुपारी नव्या मशीनवर तिसरा नकाशा संपला आणि बोटं आपोआप गेली. पडद्यावर उत्तर आलं, असं फोल्डर नाही. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

बाईंनी मान वळवून बघितलं. "माझ्याकडेही तेच म्हणतंय. फाइलमधली ती ऑल्ट-आरची ओळ काढून टाका ना. दोन मिनिटांचं काम."

"दोन सेकंदांचं," तो सवयीने म्हणाला.

त्याने फाइल उघडली. ओळ समोर होती. ती काही त्याच्याने पुसवेना. त्याने फाइल बंद केली, त्याच नावाचं नवं फोल्डर तयार केलं आणि ऑल्ट-आर दाबलं. या वेळी मशीनने तक्रार केली नाही, मुकाट्याने आत नेलं. आत काही नव्हतं.

आता डावा बाण दाबायचा आणि परत यायचं. बोट बाणावर गेलं, पण त्याने ते दाबलं नाही.

साडेपाचला बाई पर्स खांद्याला लावून उठल्या. तो तसाच बसला होता, हात मांडीवर, चष्मा काढून टेबलावर ठेवलेला.

"बोकोबा, काही अडलंय का?"

"नाही," तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे. मला आज वेळ आहे."