चौरस फुटातली मिरची

"मोबाईलला इचार की! कागदावर काय कोरत बसलीयास?" शालूआत्ती म्हणाली.

"मोबाईल कशाला? मला येतंय की!" संयोगितानं पेन्सिल कानामागं खोचली आणि यंत्रासमोर अशी उभी राहिली, जणू ते तिनंच जन्माला घातलं होतं.

वर्षापूर्वीची संयोगिता वेगळी होती. फळ्यापाशी बोलावलं की तिच्या हातातला खडू घामानं ओला व्हायचा. पण नववीत ती विज्ञानात वर्गात पहिली आली आणि तेव्हापासून जगातली सगळी मापं आपल्याला विचारूनच ठरली असावीत, असं तिला वाटायला लागलं होतं. सुट्टीत ती गडमुडशिंगीला आत्तीकडं आली ती याच तोऱ्यात.

आत्ती निम्म्या गावाच्या वर्षभराच्या चटणीचा मसाला भाजून द्यायची. कढईत उलथनं फिरवून फिरवून तिचा उजवा खांदा पार धरला होता. ऋतुराज नावाच्या व्यापाऱ्यानं भाजणीचं एक जुनं परदेशी यंत्र आठवडाभर वापरून बघायला दिलं होतं. वर लाल तापणाऱ्या कांड्या, खाली ट्रे. आज संध्याकाळपर्यंत ठेवणार की परत नेऊ, हे त्याला कळवायचं होतं. परत गेलं तर आत्ती पुन्हा चुलीपुढं, तोच खांदा घेऊन.

अडचण एकच होती. ऋतुराजनं सांगितलं होतं, मिरचीला पाच किलोवॉट दर चौरस मीटरला, तीन मिनिटं. म्हणजे मीटरभर लांब-रुंद जागेवर एवढी आच पडायला पाहिजे. आणि यंत्राच्या चकतीवर आकडे होते बीटीयूचे, म्हणजे उष्णतेच्या इंग्रजी मापाचे, तेही दर तासाला, दर चौरस फुटावर!

"सोप्पंय," संयोगिता म्हणाली. "एक वॉट म्हंजे तासाला तीन पॉइंट एक्केचाळीस बीटीयू. पाच हजार वॉटचे झाले सतरा हजार पन्नास. आता मीटरचे फूट करायचे. भागिले तीन पॉइंट अठ्ठावीस. बावन्नशे!" तिनं चकती फिरवली. आत्तीनं फोन टेबलावर ठेवला आणि पदर खोचला.

शेजारच्या बाळाबाई आपली संकेश्वरी मिरची घेऊन आल्या होत्या. देठं खुडलेली, उन्हात वाळवलेली, घरच्या वर्षभराच्या चटणीची. "कळ दाबून भाजलेल्या मिरचीला चव असती व्हय?" असं म्हणत का होईना, त्यांनी एक ट्रे भरून दिला.

मिनिटभरात मिरची काळी पडली. मग धूर निघाला. आणि मग ठसका! आत्ती खोकत परसात, बाळाबाई खोकत रस्त्यावर, समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "आगं काय पेटवलंसा?" पलीकडच्या गोठ्यातली म्हैससुद्धा शिंकली.

संयोगितानं नाक दाबून बटण बंद केलं.

"तीन मिनिटं म्हणालीस न्हवं?" बाळाबाई डोळे पुसत आत आल्या. "एका मिनिटात सरण रचलंस माझ्या मिरचीचं! दे ती पिशवी हिकडं."

आत्तीही परसातून आत आली. तिनं डाव्या हातानं फोन उचलला. "ऋतुराजला सांगते, घिऊन जा म्हणून."

संयोगिताचे कान तापले. मागच्या वर्षी ती सरळ माडीवर जाऊन कडी लावून बसली असती. "आत्ती, थांब," ती म्हणाली. "यंत्राचं काय चुकलं न्हाय. चूक माझी हाय. कुठं हाय तेवढं बघू दे."

"बघ. पण लवकर."

गुणाकार बरोबर. भागाकार बरोबर. मग? ती खाली बघत राहिली. घराच्या पुढच्या सोप्यात शहाबादी फरशी होती, एकेक फुटाची. तिनं आत्तीच्या शिलाई मशिनवरची टेप घेतली आणि फरशीवर मीटरभर अंतर मोजलं. तीन फरश्या आणि थोडं वर. तीन पॉइंट अठ्ठावीस. बरोबरच की! मग तिनं खडूनं चौरस पुरा करायला दुसरी बाजू आखली, तिसरी आखली, आणि आतल्या फरश्या मोजता मोजता तिचा हात थांबला. तीन कुठल्या? नऊ तर अख्ख्याच होत्या! कडेचे तुकडे धरले की पावणेअकरा!

"आत्ती! मी लांबीच मोजली! रुंदी राहिलीच!" ती तिथंच फरशीवर बसून ओरडली. "सतरा हजार पन्नासला तीननं न्हाय, दहा पॉइंट शहात्तरनं भागायचं. पंधराशे पंच्याऐंशी! आपण तिपटीहून जास्त आच लावली!"

"आता तरी मोबाईलला इचार."

या वेळी तिनं विचारलं. आकडा तोच आला.

"आक्कासाब, एक ट्रे," ती बाळाबाईंना म्हणाली.

"ट्रे? एक मिरची देते. एक!"

बाळाबाईंनी पिशवीतली सगळ्यात वाकडी मिरची शोधून दिली. एवढ्या मोठ्या ट्रेमध्ये ती एकटीच पडली, आणि तिघी तिच्याकडं वाकून बघत राहिल्या. तीन मिनिटं कुणी खोकलं नाही. मिरची हळूच फुगली, तकतकली. संयोगितानं ती बाहेर काढून हलवली. आतलं बी खुळखुळलं. बाळाबाईंनी मोडली तर कडकन मोडली. वास घेतला, टोक दाताखाली धरलं.

"कशी हाय?"

बाळाबाईंनी पिशवीचं तोंड सोडलं आणि ट्रेवर उपडी केली. "पसर की! बघत काय बसलीस?"

आत्तीनं फोन कानाला लावला. "ऋतुराज, यंत्र ऱ्हाऊ दे माझ्याकडं." मग फोनवर हात ठेवून हळूच विचारलं, "धने भाजायला किती आच लावायची गं?"

"ते मला ठाऊक न्हाय," संयोगिता खणखणीत आवाजात म्हणाली. "मूठभर दे, लावून बघू."