प्रदर्शनाचं कोहळं

मळ्यात कोहळं नव्हतं. उत्तमरावानं कपाळावर हात मारला आणि तसाच बहिणीच्या घरात शिरला.

"बाई, कोहळं कुठं गेलं?"

"चर्चात," पंचफुला भाकरीची टोपली बांधता बांधता म्हणाली. "आज कापणीचा सण नाई काय? तुहे भाऊजी सकाळीच छकड्यात घालून घेऊन गेले."

आता काय करावं या माणसाला! उद्या मेहकरात शेतीचं प्रदर्शन. उत्तमराव ग्रामसेवक, आणि त्याच्याकडच्या गावांतली एखादी वस्तू पहिली आली, तर विस्तार अधिकारी म्हणून त्याचंच नाव वर पाठवायचं साहेबांनी कबूल केलेलं. ती वस्तू म्हणजे पुंजाजीभाऊजींच्या मळ्यातलं हे कोहळं, दोन माणसांनी उचलावा एवढा लाल भोपळा! चार महिने उत्तमराव डोणगावाहून सायकल मारत त्याची खबर घ्यायला येत होता. खत त्यानं आणलं, खाली गवताची गादी त्यानं करवली. आणि भाऊजी? "मले बक्षीस काय करायचं, उत्तमराव? पह्यलं अन् चांगलं ते देवाचं," म्हणून हसायचे. त्या हसण्यानं उत्तमरावाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"चार वांगे नेले असते तं देव रुसला असता काय?" म्हणत त्यानं सायकल काढली.

चर्च म्हणजे टिनाची एक लांब खोली. पुढं कणसं, मिरच्या, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि मधोमध नवरदेवासारखं बसलेलं कोहळं. पाळक रंगराव सांगत होते, "प्रभूनं आपल्याले रोजची भाकर मांगाले शिकवलं, साऱ्या जन्माची नाई." उत्तमरावाचं लक्ष कुठं होतं? उपासना संपली की दानाचा लिलाव होतो, हे त्याला ठाऊक होतं. चला, बोली लावू, कोहळं सोडवू!

पण पहिली बोली लावली कलाबाईनं. चर्च झाडणारी ही म्हातारी विधवा वर्षात एकदाच, या लिलावात, बोली बोलायची, आणि ती बोलली की तिच्या वर कोणी बोलायचं नाही, ही गावाची रीत.

"बारा आणे."

सगळे मुकाट्यानं जमिनीकडे पाहू लागले.

"एक वार," पाळक म्हणाले. "दोन वार..."

"दहा रुपये!" उत्तमराव ओरडला.

सगळं चर्च वळून त्याच्याकडे बघू लागलं. लाज वाटली, नाही असं नाही. कलाबाई मात्र शांतपणे म्हणाली, "घे बापा. तुले लय गरज दिसते."

हे बोलणं काट्यासारखं रुतलं. तरी तो गाडी पाहायला बाहेर पळालाच. गाडी घेऊन परत येतो तर काय, पंचफुला आणि चार बाया विळे घेऊन बसलेल्या आणि कोहळ्याच्या फोडींनी परात भरलेली!

"अवो बाई, हे काय केलं!"

"काऊन? लिलावात घेतलेलं जेवणात देतेतच ना सारे. मले वाटलं, कलाबाईच्या वर बोलला म्हणजे साऱ्याइले जेऊ घालाचं तुह्या मनात असन."

उत्तमरावाचा विस्तार अधिकारी त्याच्या डोळ्यांदेखत चुलीवरच्या गंजात पडून शिजायला लागला होता. बोंबलावं तरी कोणाच्या नावानं?

पंगत बसली. भाऊजींनी हाताला धरून त्याला बसवलं, ते नेमकं कलाबाईच्या शेजारी.

"उद्या साहेबाले काय सांगू?" तो भाऊजींवर खेकसला.

"सांगा, लोकाइनं खाल्लं. कोहळंच होतं ते."

रागारागात त्यानं पहिला घास तोंडात कोंबला. भाजी गोड होती, अशी गोड की दुसरा घास आपोआप गेला. चार महिने या कोहळ्याचा घेर मोजला, पण चव कशी असेल हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. समोर सगळा गाव बोटं चाटत होता. भाऊजी हसत वाढत फिरत होते, आणि त्या हसण्याचा आज म्हणावा तसा राग येईना.

कलाबाईनं आपल्या पत्रावळीवरची शेवटची फोड उचलून त्याच्या पानात टाकली.

"मले झालं बापा. तू खाय, उपाशी दिसतं."

दहा रुपये ओरडताना तिच्याकडे साधं पाहिलंही नव्हतं आपण. "चुकलं मावशी," तो पुटपुटला आणि फोड खाल्ली.

पंचफुला पळी घेऊन पुढं आली. "अजून वाढू, उत्तम?"

उत्तमरावानं पानावर हात आडवा धरला. "पुरे, बाई. पोट भरलं."

भावाच्या तोंडून 'पुरे' हा शब्द पंचफुलानं पहिल्यांदाच ऐकला. तिनं पळी गंजात ठेवली आणि आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, ते पाहिलं.