साठच्या वर

कृष्णात पाटलाचं कुपवाडला छोटं गॅरेज होतं. गाडीत बसून एक चक्कर मारली, की कुठं काय बिघडलंय ते तो बहुतेक वेळा सांगायचा. म्हणून तासगावचे विष्णुपंत सर आपली अठरा वर्षांची जुनी गाडी त्याच्याकडेच घेऊन आले. गाडी साठच्या वर गेली की थरथरायची. एरवी सरांनी तिकडं लक्षही दिलं नसतं. पण त्यांच्या पत्नी शरयूबाईंच्या मणक्यात कॅन्सर उतरला होता आणि त्यांना रोज मिरजेला रेडिएशनला न्यावं लागत होतं. भाड्याच्या उंच गाडीत त्यांना चढवत नव्हतं. या गाडीच्या मागच्या सीटवर त्या निदान आडव्या तरी होऊ शकत.

कृष्णातनं चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, टायर पुढचे मागं केले. भर वेगात गाडी न्यूट्रल केली तरी थरथर तशीच राहते असं सर म्हणाले, म्हणजे इंजिनाचा दोष नव्हता. मग बेअरिंगं बदलली. दुसऱ्या गाडीचे एक्सल काढून लावून बघितले. तो एकटा चालवायचा तेव्हा गाडी सरळ पळायची. सर बाईंना घेऊन गेले की संध्याकाळी फोन यायचा, आजही झालं म्हणून.

शेवटी त्यानं सरांना चालवायला बसवलं आणि स्वतः मागं आडवा झाला. पासष्टला काटा गेला आणि त्याच्या पाठीत खालून बारीक थरथर शिरली. हाताला जेमतेम कळत होती, पण मणक्याला आणि दातांना नीट कळत होती. दहा मिनिटांतच तो उठून बसला.

"मागं वजन असलं की येतीया," तो म्हणाला. आता सापडलंच असं त्याला वाटलं. दोन दिवस खपून त्यानं मागचे बुश, स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर सगळं बदललं. पुन्हा मागं झोपून बघितलं. थरथर होती तिथंच होती.

"सर, मला घावंना झालंय," त्यानं खाली बघत सांगितलं. "आता उगं काय बी बदलत बसलो तर तुमाला फसवल्यागत हुईल."

सरांनी मागचं दार उघडून सीटवर हात दाबून बघितला. मग म्हणाले, "चाळीसनं नेली तर?"

"चाळीसला काय न्हाई हुत. पर वेळ लय लागंल."

जास्त वेळ पडून राहिलं तरी बाईंना कळा येतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रेडिएशनचे अकरा दिवस उरले होते. सरांना आता रोज गाडी चालवणं झेपत नव्हतं, म्हणून कृष्णात गॅरेज बंद ठेवून सकाळी तासगावला जाऊ लागला. पहिल्या दिवशी त्यानं चाळीसच ठेवली. अर्ध्या वाटेत बाई मागून म्हणाल्या, "कृष्णातभाऊ, जरा वेगात घ्या. लवकर तरी पोचू."

त्यानं साठच्या वर घेतली. आरशात बघितलं तर बाईंनी सीटची कड घट्ट धरली होती. त्यानं पाय सैल केला. थोड्या वेळानं त्या कण्हल्या, तसा पुन्हा दाबला. मिरज येईपर्यंत त्याला एकही वेग बरोबर वाटला नाही.